काकांना हवी असलेली शांत रायफल

गेल्या रविवारी सकाळी अकरा वाजता ग्लासगोजवळच्या आपल्या शूटिंग क्लबने एका निवृत्त मराठी डॉक्टरांवर अन्याय केला.

हे डॉक्टर म्हणजे माझे काका. त्यांचा ऐकू येणारा एकच कान उरलाय. तो वाचावा म्हणून त्यांना रायफलला सायलेन्सर हवा, आणि कमी आवाजाचं काडतूस चालेल असा रायफलचा वरचा, नळीकडचा भाग. दोन वर्षं ते कॅटलॉग चाळतायत. "हा बघ, किती सोज्वळ!" असं स्थळ दाखवावं तसं म्हणतात.

क्लबचा सेक्रेटरी हसला, "डॉक्टर, कुणाला गुपचूप मारायचंय?" आणि परवान्याच्या अर्जाला लागणारी क्लबची शिफारस नाकारली. काका "थँक यू" म्हणाले, कान झाकून इतरांचे नेम आसुसून बघत राहिले.

तुमच्यापैकी तिघे सभासद तिथेच गप्प बसले होते. येत्या रविवारी काकांच्या अर्जावर सही करा.