पाय न उचलता

लवीनाला खाली बसायचं होतं. हे काही फार मोठं मागणं नाही. पण आमच्या लांबघरात, म्हणजे आमचे सण होतात त्या लाकडी सभागृहात, तिला बसलेलं मी तरी कधी पाहिलं नव्हतं. सणाचा स्वयंपाक तिच्याकडे, बियाणं तिच्याकडे, बायकांच्या नाचात पहिलं पाऊल तिचं. हे सगळं तिला तिच्या आईकडून आलं होतं आणि पुढे कुणाला दिल्याशिवाय सुटणार नव्हतं. द्यायचं तेही आमच्या कासव कुळातल्याच बाईला.

अशी बाई एकच उरली होती, तिची मुलगी कॉर्लिस. लवीनाला सुना होत्या, पण त्या त्यांच्या त्यांच्या आईच्या कुळातल्या. मीही कासवच, पण पुरुष, म्हणजे सरपण आणण्यापुरता कासव. लवीना माझ्या आईची बहीण. आमच्यात मावशी नसते, आईची बहीणही आईच. माझी आई गेल्यापासून दोघींच्या वाटचे टोमणे ही एकटीच पुरवते.

पेरणीच्या सणाची सकाळ होती. सैपाकघरात मोठ्या हंड्यात वाळवलेला पांढरा मका राखेच्या पाण्यात उकळत होता. राखेनं साल सुटलं की मका धुवायचा आणि मग त्याचं घेवडा-मांस घालून सूप. लवीनानं एक दाणा बाहेर काढून अंगठ्यानं चोळला. पुन्हा चोळला. साल जागचं हलेना.

"ऑर्व्हिल, ही राख कसली रे?"

ऑर्व्हिल मामा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, दारात कॉफी पीत उभा होता. "कसली म्हणजे? चुलीतली."

"चुलीत काय जाळलंस?"

"लाकूड."

"कसलं लाकूड?"

मामानं टोपी मागे सारली. "ते... जुनं छप्पर मोडलं ना, त्याच्या फळ्या. पाइनच्या."

"मी मेपलची राख सांगितली होती. पाइनच्या राखेनं मक्याचं साल निघतं होय?"

"उकळत राहू दे ना ताई, निघेल की."

"आपल्या गोष्टीतली ती पहिली बाई आकाशातून पडली, तेव्हा झेलायला हंस आले म्हणून वाचली. तू असतास तर म्हणाला असतास, पडत राहा, पोचशील."

मांस चिरणाऱ्या बायका हसल्या. मीही हसलो. लवीना हसली नाही. तिनं ढवळायचं लाकडी वल्हं टेबलावर ठेवलं, एक बादली उपडी केली आणि तिच्यावर बसली.

"झालं. मी आता नाही करणार."

सुऱ्या थांबल्या. भांडण असतं तर कुणीतरी मध्ये पडलं असतं. हे भांडण नव्हतं. दमलेलं माणूस जसं बोलतं तसं ती बोलली. मी मागच्या दारानं जाऊन कॉर्लिसला उठवलं. शहरातल्या इस्पितळातली रात्रपाळी संपवून ती थेट आली होती आणि गाडीतच झोपली होती. ती तशीच आत आली, निळ्या कपड्यांत, गालावर सीटच्या शिवणीचा वळ.

"आई, मला इथे येऊन राहता येणार नाही. तुला ठाऊक आहे. मीपण रात्रभर उभीच असते."

"मी कुठे काय मागितलं?"

"मागितलं नाहीस? दर फोनवर तू कमी आणि तुझे गुडघेच जास्त बोलतात."

लवीना हंड्याकडे बघत म्हणाली, "सगळे गोष्ट सांगतात. खाली नुसतं पाणी, तर कासव किती भलं, त्यानं तिला उतरायला पाठ दिली. पाणउंदीर किती शूर, तळातून माती आणून त्या पाठीवर ठेवली. आणि ती? पोटुशी बाई, एवढ्या उंचावरून पडलेली. लगेच कामाला! त्या मूठभर मातीवर पाय घासत गोल गोल फिरतेय, जमीन होईपर्यंत. कुणी म्हटलं तिला, बाई, जरा टेक?"

"नाही म्हटलं."

"मग तिची पोर. जुळ्यांच्या बाळंतपणात गेली. तिला पुरलं, तर अंगातून मका, घेवडा, भोपळा. मेल्यावरसुद्धा सैपाकघरातून सुटका नाही."

"आणि आजी नातवंडं सांभाळत बसली," कॉर्लिस म्हणाली.

"बसली कुठे!"

कॉर्लिसला हसू आलं, ते तिनं जांभईत लपवलं. मग हंड्यातला एक दाणा घेऊन चोळला आणि माझ्याकडे वळली. "मेपलची राख कुणाकडे असेल?"

शेजारच्या म्हातारीकडे होती. सरपणापुरत्या कासवानं ती धावत आणली. कॉर्लिसनं जुनं पाणी फेकलं, राख चाळली, नवं आधण ठेवलं. थोड्या वेळात पाणी पिवळंजर्द झालं आणि बोटांना बुळबुळीत लागू लागलं. तिनं मका धुवायच्या टोपलीत ओतला आणि नळाखाली धरून घुसळायला लागली. सालं सुटून वाहू लागली.

"जोरात हलव. दाण्याच्या टोकाचं काळं नाकही निघालं पाहिजे," बादलीवरून सूचना आली.

"तू बसलीयस ना? मग तोंडानंही बस."

"बसले."

"हे आजच्यापुरतं हां, आई."

"हो गं. मीही माझ्या आईला असंच म्हटलं होतं."

कॉर्लिसचे हात थांबले. मग पुन्हा टोपली हलायला लागली, जरा रागानं. सालं मात्र त्यामुळे भराभर निघाली.

सूप उशिरा झालं. लोकांनी कुरकुर केली आणि दोनदा वाढून घेतलं. मग गाणारे लांबघराच्या मधल्या बाकावर बसले, शिंगाचे खुळखुळे वाजू लागले. बायका उठल्या आणि थांबल्या. पहिलं पाऊल लवीनाचं. ती भिंतीच्या बाकावर होती. दोन्ही हात गुडघ्यांवर, उठायच्या बेतात.

कॉर्लिसनं एक शिवी पुटपुटली. तिचे इस्पितळातले रबरी तळव्यांचे बूट फळ्यांवर घसरेनात, आणि या नाचात पाऊल उचलायचं नसतं, पहिल्या बाईसारखं जमिनीला घासत सरकवायचं असतं. तिनं बूट काढून माझ्या हातात कोंबले आणि नुसत्या मोज्यांनी ती रांगेच्या पुढे गेली. एक पाऊल सरकलं, दुसरं सरकलं. मागून सगळ्या बायका सरकू लागल्या.

लवीनानं गुडघ्यांवरचे हात काढले आणि पाठ भिंतीला टेकवली.

"बसली एकदाची," ऑर्व्हिल मामा माझ्या कानाशी म्हणाला.

मी खाली बघितलं. बाकाखाली तिची पावलं सरकत होती, न उचलता.