भावाच्या बोटीवर

पब्निकोच्या धक्क्यावर ओडील सुरेतला कोण ओळखत नव्हतं? वडील गेल्यापासून शेवंड धरायची बोट तिचा धाकटा भाऊ लेआँद्र चालवायचा आणि डेकवरचं सगळं ओडील बघायची. बोटीवर दोघंच.

त्या वर्षी हंगामाआधी मच्छीमारांना प्रथमोपचार शिकवायला माणसं आली. शेवंडांच्या पिंजऱ्यांची डागडुजी अडून राहू नये म्हणून एका शनिवारी ओडील गेली, पुढच्या शनिवारी लेआँद्र निघाला. तो परतला तो हसतच.

"त्या प्लास्टिकच्या बाहुल्याची छाती दाबून दाबून हात गेले माझे. आणि तोंड थेट तुझ्या नवऱ्यासारखं, ओडील."

डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली.

डिसेंबरात, किनारा पार मागे पडल्यावर, ती गोठलेलं आमिष कापत होती. लाटेनं बोट कलली आणि सुरी डाव्या हातात, कोपराखाली खोल शिरली. रक्त उसळून यायला लागलं. ती खाली बसली. घाबरली मात्र नाही. लेआँद्र होता ना.

"औषधाच्या पेटीतला रक्त थांबवायचा काळा पट्टा काढ."

त्यानं पट्टा काढला आणि हातात धरून तसाच उभा राहिला.

"बांध की."

"कुठं?"

ओडील त्याच्याकडे बघत राहिली. "तू शिकायला गेलाच नव्हतास."

"हरणांच्या शिकारीचे दिवस संपत आले होते गं. म्हटलं, तुला येतंय तर झालं."

"आणि मलाच लागलं तर?"

त्यानं तिच्याजवळ गुडघे टेकले.

"जखमेच्या वर बांध. आवळ. आता पट्ट्यावरची ती दांडी पीळ."

"दुखतंय?"

"दुखणारच. रक्त थांबेपर्यंत पीळ. मग रेडिओवर मदत माग."

तिला भोवळ येत होती. पण आपली शुद्ध गेली तर याला पुढचं सांगणार कोण, म्हणून ती जीभ चावून जागी राहिली.

हात वाचला, दोन बोटं बधिर झाली. ती घरी आल्यावर शेजारची एलमीर भेटायला आली. म्हणाली, "लेआँद्रला सगळं येत होतं म्हणून वाचलीस बाई. धक्क्यावर सांगत होता."

शिकारीचं ओडीलनं एखादे वेळी पोटात घातलं असतं. हे मात्र तिच्या घशाखाली उतरेना.

वसंतात तो दारात आला. "शिकून आलो मी. खरंच. चल आता बोटीवर."

"बरं केलंस," ती म्हणाली. "मी एलमीरच्या दिराच्या बोटीवर कामाला जातेय."

तो आत येऊन टेबलाशी बसला. तिनं किसलेल्या बटाट्याची, कोंबडी घालून भाजलेली रापी वाढली. तो जेवला आणि गेला.