तायडे मॅडमनी मोजलेल्या भिंती

पहिल्यांदा माझ्या मसाल्याच्या धंद्याच्या बिलांची पिशवी घेऊन मी तायडे मॅडमकडे गेले, तेव्हा त्यांनी पिशवी उघडलीच नाही. म्हणाल्या, "मसाल्याची जाहिरात वाचून आलेलं एक गिऱ्हाईक सांग मले. नावानिशी." मी गोंधळले. मग एक खानावळवाला आठवला. त्याचं नाव त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि मगच पिशवी टेबलावर उलटी केली.

नांदुऱ्यात औषधाच्या दुकानावरच्या माडीत त्यांचं ऑफिस होतं. मॅडम मूळच्या वडनेर भोलजीच्या. वडील शेतमजूर. घरात कॉलेज पाहिलेल्या त्या पहिल्या. पुढे कर सल्लागार झाल्या आणि आमच्यासारख्या लहान धंदेवाल्यांची आयकर विवरणपत्रं भरू लागल्या. अंगावर सुती साडी, पायात मात्र पोरांसारखे बूट. सरकारला लिहायची मराठी अगदी कडक इस्त्रीची, पण आमच्याशी बोलणं निव्वळ वऱ्हाडी.

धंदा वाढावा म्हणून केलेला जाहिरातीचा खर्च उत्पन्नातून वजा होतो आणि तेवढा कर कमी लागतो, हे मला त्यांनीच शिकवलं. पण नियमाच्या कडा त्या फार बारकाईनं बघायच्या. एकदा मोबाइलच्या दुकानवाला एक जण वडिलांच्या एकसष्टीच्या फ्लेक्सचं बिल घेऊन आला. फ्लेक्सचा फोटो दाखवत म्हणाला, "मॅडम, खाली दुकानाचं नाव हाय ना!"

मॅडमनी चष्मा वर सरकवला. "बाप हाय हातभर अन् दुकान हाय वीतभर. हा लेकाचा खर्च हाय बावा, दुकानाचा नाही. लेकानंच करावा."

तो हसत बिल घेऊन गेला. कुणी पक्षाच्या स्मरणिकेतल्या जाहिरातीची पावती आणली, तर त्या ती न वाचताच परत करायच्या. "हे कायद्यात बसत नाही. पुढाऱ्यावर प्रेम असंल तं घरच्या पैशानं करा."

माझ्या मसाल्याची जाहिरात मी गावोगावच्या भिंतींवर रंगवून घेतली होती. लाल मिरची आणि खाली आमचं नाव. शिवाय छापखान्यातून पत्रकंही छापून घेतली होती. दोन वर्षांनी आयकर खात्याची नोटीस आली: विक्रीच्या मानानं जाहिरातीचा खर्च जास्त दिसतो, पुरावा द्या. पेंटरच्या पावत्या साध्या कागदावरच्या, आणि पेंटर कामासाठी सुरतेला गेलेला. पत्ता नाही, फोन बंद. एवढा खर्च नाकारला गेला असता, तर मिरची दळायची चक्की विकायची वेळ आली असती.

मॅडम शांत होत्या. "पेंटर गेला, भिंती तं गेल्या नाहीत. चाल, पाहून येऊ."

त्यांच्या स्कूटीवर मागे बसून मी तीन दिवस हिंडले. त्या फोटो काढायच्या, घरमालकाची सही घ्यायच्या. धामणगाव बढेला आमच्या मिरचीवर चुना फासलेला दिसला. घरमालक म्हातारा होता. त्यानं खुरपं आणलं आणि हलक्या हातानं चुना खरवडला. आतून लाल देठ दिसला. "लिहा मॅडम, माह्याच भिंतीवर व्हती," म्हणत त्यानं सही केली.

वरवट बकालला मात्र वेगळंच झालं. ज्यांच्या भिंतीवर जाहिरात होती, त्या घरच्या काकूंनी चहा केला. कौतुकानं मला म्हणाल्या, "तुह्या ननंदेच्या लग्नाची पत्रिका लय सुंदर व्हती वं. तुह्या मसाल्याच्या जाहिरातीच्या कागदावर हायेत, तशीच फुलं."

मॅडमनी कप खाली ठेवला. गावाबाहेर आल्यावर त्यांनी निंबाच्या सावलीत गाडी उभी केली.

"जाहिरातीची पत्रकं अन् पत्रिका एकाच बिलात हायेत का?"

"हाव," मी म्हणाले. "छापखानेवाला म्हणे, कोणाले कळते."

"मले काऊन सांगतलं नाही?"

मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "आता तेवढं राहू द्या ना मॅडम. त्यांनी पत्रिकेचं कुठं विचारलं? आपणच सांगितलं तर ते भिंतीही खोट्या म्हणतील."

"म्हणतील बी," त्या म्हणाल्या. "पन मह्या हातानं खोटं जानार नाही. तुले दुसरा कोनी पाहाचा असंल तं पाहा. मी रागावनार नाही."

घरी जाऊन मी दोन दिवस चक्कीपाशीच बसून काढले. तिसऱ्या दिवशी माडी चढले आणि पत्रिकेचा खर्च वगळा म्हणून सांगितलं. नोटिशीचं उत्तर संगणकावरूनच पाठवायचं होतं. पाठवण्याआधी त्यांनी मला वाचून दाखवलं. शेवटी त्यांनी स्वतःच्या नावानं एक वाक्य घातलं होतं: 'सदर बिलाची पुरेशी चौकशी न करणे ही माझीही चूक आहे.'

"हे काऊन लिहिलं? फसवलं तर मी तुम्हाला."

"तू सांगतलं नाही, मी विचारलं नाही. दोघीचं दोघीनं घ्याव."

निकाल यायला काही महिने लागले. भिंतींचा खर्च मान्य झाला. पत्रिकेच्या रकमेवर कर, व्याज आणि वर दंड बसला. तो मी भरला. चक्की वाचली.

गेल्या वर्षी काचबिंदूनं मॅडमची नजर अधू झाली. त्यांनी एकेकाला बोलावून फायली परत दिल्या. मी गेले, तेव्हा एक जुना किराणेवाला त्यांना विनवत होता, "मॅडम, बंद नका करू. तुम्ही फक्त सही करत जा. बाकीचं आम्ही पाहून घेऊ."

"म्हनूनच बंद करून राह्यली," मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी स्वतः कुलूप लावलं. जिना अरुंद, उजेड कमी. आजवर त्यांनी कधी कुणाचा आधार घेतलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी त्यांनी माझा हात धरला आणि शेवटची पायरी उतरेपर्यंत सोडला नाही.