वडिलांच्या मापाची जीप

सनाचा फोन आला तेव्हा मी ब्रश धूत होतो. रविवार होता. दुपारी डॉक्टरसाहेबांकडे जायचे, म्हणून आठवडाभर आळसाने ठेवून दिलेला ब्रश त्यांच्या नजरेस पडण्याआधी स्वच्छ करण्याची माझी धडपड चालली होती. “अंकल, अब्बू सकाळी गेले,” एवढेच डॉक्टरसाहेबांची ती लेक म्हणाली. मी नळ बंद केला. ब्रशच्या केसांतला राखाडी रंग पुरता निघाला नव्हता... तो ब्रश आता काडीसारखा कडक झाला आहे, आणि मी तो टाकलेला नाही. या गोष्टीला काही आठवडे लोटले. वर्गात भूगोल शिकवण्यापलीकडे चार लोकांसमोर बोलण्याची मला सवय नाही, लिहिण्याची तर नाहीच, परंतु डॉक्टरसाहेबांच्या पत्नी, भाभी, म्हणाल्या, “त्यांच्या दातांच्या कामाबद्दल सगळेच बोलतील, गाड्यांबद्दल तुमच्याशिवाय कोण लिहिणार?” म्हणून हे धाडस.

डॉ. मुजीब काझी शहराला दातांचे डॉक्टर म्हणून ठाऊक होते. क्रांती चौकाजवळच्या एका गल्लीत, चष्म्यांच्या दुकानावर, त्यांचा दवाखाना. निवृत्तीनंतर दाढेच्या दुखण्याने मी तिथे पोहोचलो. खुर्चीत मागे रेललो तर समोरच्या कपाटात, कवळ्यांच्या प्लास्टरच्या साच्यांशेजारी, तळहातावर मावेल अशी एक निळी मोटार उभी. तिच्या दाराला किल्लीचे भोकसुद्धा होते. माझ्या तोंडात कापूस होता, त्यामुळे विचारण्याची सोय नव्हती. खरे तर कापूस नसता तरीही मी विचारले नसते. मी नुसते बोट दाखवले. “तोंड उघडंच ठेवा,” ते म्हणाले, “गाडी कुठं पळून नाय चालली.” काम उरकल्यावर त्यांनी ती मोटार कपाटातून काढली, पण सरळ न देता उलटी करून माझ्या हातावर ठेवली. खाली सगळे होते: धुराची नळी, स्प्रिंगांचे पट्टे, कुठे चिखलाचा शिंतोडा, कुठे गंजाचा तांबूस डाग. “आधी खालून बघा, सर. वरून सगळेच चांगले दिसतात. दात पण.”

त्यांची पद्धतच तशी होती. कोणतीही गाडी करायला घेतली की पहिला रंग खालच्या बाजूला, जी एकदा चाकांवर उभी राहिली की पुन्हा कोणाला दिसणार नाही. मला त्यांनी मदतीला घेतले ते रविवारी दुपारी, दवाखान्याच्या मागच्या खोलीत, आणि कितीतरी महिने माझ्या वाट्याला फक्त गाड्यांचे पोट आले. तयार मिळणारे परदेशी संच ते क्वचितच आणत. प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून कापून, कानशीने घासून, दातांत फिरवायच्या ड्रिलने इवलीशी भोके पाडून ते गाडी उभी करीत. आत काही अडले तर तोंडात धरायचा छोटा आरसा खिडकीतून सरकवत. आसने कवळीच्या मसाल्याची असत. रंग लावण्यापूर्वी ती हिरड्यांसारखी गुलाबी दिसत. त्यावर भाभी चहा घेऊन येत आणि म्हणत, “ह्यांच्या गाडीत बसलं की गाडीच चावंल.”

शिष्य म्हणून मी यथातथाच होतो. या वयात नव्याने शिकणाऱ्याचा हात कापतो, हे त्यांनी गृहीतच धरले होते. माझा खरा दोष वेगळा होता. मला थांबता येत नसे. रंगाचा एक हात नीट बसला की कडेला कुठेतरी थेंब जमल्यासारखा वाटे, तो पुसायला मी पुन्हा ब्रश नेई, तिथे ओरखडा उठे, तो झाकायला आणखी रंग... डॉक्टरसाहेब स्वतःच्या कामातून मान वर न करता म्हणत, “लई झालं. हात उचला, सर.” मी हात उचलून बसून राही. ओला रंग हळूहळू आपला आपण पसरे, आणि थेंब होता कुठे हेही कळेनासे होई. ते न पाहता कसे ओळखत, हे मला शेवटपर्यंत उमगले नाही. बहुधा माझा श्वास अडकल्याचे त्यांना ऐकू येत असावे.

मापाच्या बाबतीत मात्र हा मृदू माणूस निष्ठुर होता. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढी प्रत्येक वस्तू, हा त्यांचा नेम. एका काळ्या मोटारीचा बंपर केसभर जाड झाला, तेव्हा ती जवळजवळ पूर्ण झालेली गाडी त्यांनी माझ्यादेखत मोडली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मी हळहळलो. “माप खोटं तर गाडी खोटी,” ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

माझ्या खिशात एक छायाचित्र होते, ते कितीतरी रविवार मी नुसतेच नेऊन परत आणले. माझे वडील फर्दापुरात जीप चालवीत. लेणी पाहायला येणाऱ्यांना नेणे-आणणे हा व्यवसाय. जीप जुनी होती, पण मागचा भाग त्यांनी बाजारातल्या एका लोहाराकडून स्वतःच्या मनाप्रमाणे बांधून घेतला होता: पत्र्याची लांबट बॉडी, समोरासमोर दोन बाकडी, टपावर सामानाची जाळी. तशी दुसरी गाडी जगात नव्हती. अकरावीला मी शहरात वसतिगृहात आलो, त्याच वर्षी वडील गेले आणि जीपही विकली गेली. उरले ते एक काळे-पांढरे छायाचित्र. अखेर एकदा ते टेबलावर ठेवले.

“हे कोण?”

“वडील.”

“आणि ही?”

“आमची जीप.”

“मग इतके दिवस खिशात काय करत होती?”

चित्रात जीपचा पुढचा भाग चौकटीबाहेर राहिला होता आणि चाके गवतात बुडालेली होती. बॉडीचे माप काढायला शेजारी उभ्या वडिलांखेरीज दुसरा आधार नव्हता. डॉक्टरसाहेबांनी कर्कटक उचलला आणि विचारले, “वालिदांची उंची किती?” मी क्षणभरही न थांबता सांगितले, “पावणेसहा फूट. थोडी जास्तच.” त्यावरून त्यांनी सारी मापे काढली. बॉडी तयार झाली, जाळीसुद्धा झाली. मग जीपच्या ठरलेल्या मापाची चाके आणि सांगाडा तिच्याखाली सरकवला. धाकट्याने थोरल्याचा सदरा घालावा तशी ती बॉडी दिसत होती. त्यांनी भिंग घेऊन छायाचित्र पुन्हा पाहिले, पण मला त्याआधीच कळले होते. नकाशाची प्रमाणपट्टी मी आयुष्यभर शिकवली. जीप खोटे बोलत नव्हती. माझे वडील जेमतेम सव्वापाच फूट होते. मी त्यांना पाहिले ते खालून, आणि बहुतेक वेळा ते जीपच्या पायरीवर उभे राहून टपावरचे सामान बांधत असत.

“माझं चुकलं,” मी म्हणालो. “नवी बॉडी करू या. ही टाकून द्या.”

डॉक्टरसाहेबांनी बॉडी उचलून उजेडात धरली, मग मऊ फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवली. “राहू द्या. बघतो मी.” पुढच्या रविवारी आम्ही दुसऱ्याच एका गाडीला लागलो. जीपविषयी ते बोलले नाहीत आणि मी विचारले नाही; तगादा लावणे मला जमत नाही. मनात मात्र आले, ती त्या काळ्या मोटारीच्या वाटेने गेली असणार.

कब्रस्तानात मी मागच्या रांगेत उभा होतो. माती देण्यासाठी पुढे व्हावे की नाही, हे कळत नव्हते. तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाने कोपर धरून मला पुढे नेले. “सर, तुम्ही पण. तुमची रोज वाट बघायचे,” ते म्हणाले. रोज नव्हे, फक्त रविवारी, असे मी मनातल्या मनात दुरुस्त केले, आणि माती दिली.

मागच्या आठवड्यात सना घरी आली. हातात कवळ्यांचे साचे येतात तसला पुठ्ठ्याचा खोका होता. आत, त्याच मऊ फडक्यात, जीप होती; पूर्ण उभी, चारही चाकांवर. मी आधी उलटी केली. पोट रंगवलेले होते, धुराच्या नळीवर गंज, चाकांच्या आत वाळलेला चिखल. मग ध्यानात आले की बॉडी आता सैल दिसत नाही. मी मोजपट्टी आणली. त्यांनी बॉडी लहान केली नव्हती. चाके, सांगाडा, सुकाणू, बाकडी... सगळे नव्याने, थोडे थोडे मोठे केले होते. केसभर चुकीसाठी गाडी मोडणाऱ्या माणसाने माझ्या चुकीच्या मापाची अख्खी जीप घडवली होती.

“शेवटी शेवटी ह्याच्यावरच बसायचे,” सना सांगत होती. “मी म्हणलं, अब्बू, ही बाकीच्या गाड्यांपेक्षा मोठी वाटते, माप चुकलं का? तर म्हणले, नाय बेटा, सरांचे वालिद जेवढे उंच, तेवढीच आहे. आणि म्हणले, वरचा रंग सरांना विचारायचाय, तो फक्त त्यांनाच माहीत.”

रंग मला माहीत आहे. निदान आठवतो तरी. पिकायला आलेल्या पेरूच्या सालीसारखा, पिवळटपणाकडे झुकलेला हिरवा. काल रविवार होता. अजून नुसत्या राखाडी अस्तरात असलेली ती जीप मी खिडकीपाशी टेबलावर घेतली, समोर दुसरी खुर्ची ओढून ठेवली, रंग कालवला आणि पहिला हात दिला. बॉनेट, दारे, मग मागची लांबट बाजू. टपाच्या कडेला एक थेंब जमल्यासारखा वाटला. ब्रश तिकडे निघालाही होता. खोलीत कोणी काही बोलले नाही... मी हात उचलला. रंग सावकाश पसरत गेला, कड साफ झाली, आणि तरीही कितीतरी वेळ तो हात खाली घ्यायचे मला सुचले नाही.