संगप्पांचा जोर

उदगीरच्या मोंढ्यात संगप्पांची तुरीची आडत. एरवी माणूस शांत, पण सकाळी दात घासायला बसला की अंगात आल्यागत करायचा. कडक ब्रश आडवा धरून असा रगडायचा की पंधरा दिवसांत ब्रशचे केस चारी दिशांना फाकायचे. मग त्यांची बायको उमाबाई तो देवाची समई घासायला उचलायच्या. हिरड्यांतून रक्त आलं की संगप्पा खुशीत म्हणायचे, "घाण निघायलीय!"

नवी सून स्वप्नाली दातांची डॉक्टर. तिनं हे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"मामा, तुरीचा दाणा तळहातावर कसा पारखता? रगडून?"

"छे! बोटानं हळू फिरवून. रगडला तर साल निघंल की!"

"मग मऊ ब्रश हिरडीपाशी तिरपा धरा आणि तसाच हळू, गोल फिरवा. दोन मिनिटं."

दाण्याची भाषा संगप्पांना लगेच कळली. रक्त थांबलं. दोन महिने झाले तरी ब्रश नवाकोरा.

उमाबाई मात्र तडकल्या, "समई काळी पडली. जुना ब्रश कुठाय?"

संगप्पांनी चिंच घेतली, बाह्या वर सारल्या.

"आण इकडं. जोर लई शिल्लक हाय!"