मास्तरांनी शिवलेला बंपर

सुट्टीच्या दिवशी शिंपी सुई दिसली तरी तोंड फिरवतो. पण त्या रविवारी मास्तर दुकानाच्या कटिंग टेबलावर मोटारीचा मागचा बंपर उताणा टाकून, अडलेल्या गाईकडे बघावं तसे त्याच्याकडे बघत उभे होते. आठवडाभर शाळेचे गणवेश शिवून पाठीची कमान झालेली. डोळे असे जड, की दोन पापण्यांना कुणी टाके घालून दिले असते तर त्यांनी वर शिलाई दिली असती.

गाडी त्यांची नव्हती, थोरल्या भावाची होती. गल्ली त्याला साहेब म्हणे. कुठल्या कचेरीतला साहेब ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण चालायचा तसा. नवी गाडी घेतली तेव्हा जुनी त्याने मास्तरांच्या दारात आणून लावली. "आईला दवाखान्यात न्यायला वापरा. पण ओरखडा दिसला की किल्ली परत," असं बजावून गेला. आई धाकट्याकडेच होती. थोरल्याच्या घरी लिफ्ट होती, वेगळी खोली होती, फक्त सवड नव्हती.

आईचं एक दिवसाआड डायलिसिस. गाडीच्या आधी दोन बस बदलाव्या लागत. एक बगल मास्तर धरत, दुसरी मास्तरीणबाई, आणि येताना तर म्हातारी ओल्या पोत्यासारखी अंगावर यायची. मास्तरांना स्टिअरिंगची धास्ती. शेवटी बाईच चिकाटीने गाडी शिकल्या. आणि त्याच बाईंनी शुक्रवारी गाडी मागे घेताना फाटकाचा खांब गाठला. बंपर खालच्या कडेपासून वीतभर तडकला. त्यात साहेबांचा फोन, "सोमवारी सकाळी डोकावतो."

गॅरेजवाला म्हणाला, नवा बसवा, मागवायला आठवडा लागेल. मास्तर म्हणाले, शिवतो.

दाभण गॅसवर लाल करून त्यांनी तड्याच्या दोन्ही बाजूंनी भोकं पाडली. घरभर असा वास सुटला, की समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर साबण तसाच ठेवून दारात आला.

"मास्तर, कॉलर लावताय की कफ?"

"तुझ्या तोंडाला चेन लावतो. जा."

"ट्रायल कधी? गाडीला बोलावू?"

मास्तरांना हसायचीही ताकद नव्हती. तड्याच्या कडा दातेरी होत्या, आणि उसवलेली कड दिसली की शिंप्याचा हात आपोआप कात्रीकडे जातो. डोकं झोपलेलं, हात मात्र चाळीस वर्षांच्या सवयीने जागा. करवतीच्या पात्याने त्यांनी दोन्ही कडा सरळ, सुबक कापल्या. मग बारीक तार ओवून टाके घातले आणि कचकचून आवळले. शिलाई अशी बसली की बघत राहावं.

बंपर गाडीला लावायला गेले, तर डावी बाजू बसली आणि उजवी बोटभर आखूड पडली. डावी सोडून उजवी बसवली, तर डावी आखूड.

मास्तर पायरीवर मटकन बसले. कापड असतं तर ओढून, दाबून, इस्त्री करून आणलं असतं. प्लास्टिक कुणाचं ऐकतंय?

"अहो, कापलंत कशाला?" बाई दारातून म्हणाल्या.

"कड खराब होती."

"कड खराब होती म्हणे! उद्या भाऊजी गाडी घेऊन गेले की आईंना खांद्यावर घेऊन जा. तुमची शिलाई बघून बस काही दारात येणार नाही." एवढं बोलून त्या आत गेल्या. न्हाणीत पाणी ओतल्याचा आवाज झाला. परत आल्या तेव्हा हातात हिरवीगार बादली होती. ती त्यांनी नवऱ्यापुढे आदळली.

"कापा. तेवढंच राहिलंय घरात."

मास्तरांनी सगळे टाके उसवले. स्वतःची शिलाई उसवताना शिंप्याला कसं होतं, ते शिंप्यालाच ठाऊक. बादलीची बोटभर पट्टी फटीत बसवली, आतून मोठं ठिगळ लावलं, आणि तापवलेल्या जुन्या सुरीने दोन्ही प्लास्टिकं एकमेकांत वितळवली. दिवस मावळता मावळता बंपर दोन्हीकडे बसला. काळ्या बंपरात एक हिरवी फीत. बाईंनी तिच्यावर बुटाचं पॉलिश चोपडलं.

"लांबून कळत नाही," त्या म्हणाल्या.

"दादा लांबून बघणारा नाही," मास्तर म्हणाले, आणि हात न धुताच आडवे झाले.

सकाळी दोघांनी घामाघूम होऊन म्हातारीला पुढच्या सीटवर बसवलं, तोवर साहेब हजर. बुटाची नाडी सुटली म्हणून ते वाकले आणि नेमका बंपरवर हात टेकला. हात काळा झाला, बंपर हिरवा. साहेबांनी आधी तळव्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे.

"हे काय आहे?"

"बादली," मास्तर म्हणाले. खोटं बोलायलाही थोडी झोप लागते, आणि एका रात्रीत ती त्यांची भरून निघाली नव्हती.

"किल्ली."

बाईंनी किल्ली दिली. मास्तर मनातल्या मनात दोन्ही बसचे नंबर आठवू लागले.

तेवढ्यात खिडकीतून म्हातारी बोलली, "घेतलीस ना किल्ली? मग बस चालवायला. मला चढवताना या दोघांचा जीव गेलाय, मी काही आता उतरत नाही."

"आई, मला ऑफिस आहे."

"असू दे की. ते कुठं पळून जातंय? सूनबाई, तू राहा गं घरी. आज माझा मोठा आहे."

साहेब आईला घेऊन गेले. बाई कधी नव्हे त्या दिवसा झोपल्या. मास्तर मशीनवर बसले, पण कान रस्त्याला होते. गाडी आता थोरल्याच्याच दारात जाऊन उभी राहणार, असंच त्यांना वाटत होतं.

दिवेलागणीला ती गल्लीत शिरली. साहेबांचा शर्ट बाहेर आलेला, बाहीवर ओकारीचा डाग. आईला त्यांनी आणि मास्तरांनी मिळून आत आणून निजवलं. मग साहेब कापडाच्या गठ्ठ्यावर बसले. तिथे कधी बसत नसत.

"रोज असंच?"

"एक दिवसाआड," बाई म्हणाल्या.

"रांग, मग ती सुई, मग तिची ती थंडी... आणि येताना अंगावरच पडते की रे."

"पडते," मास्तर म्हणाले.

साहेबांनी किल्ली काढून कटिंग टेबलावर, कात्रीशेजारी ठेवली. दारापर्यंत गेले आणि वळले.

"पुढच्या वेळी बादली काळी घे."

हे न्हाव्याच्या कानावर गेलं, की त्याला महिनाभर पुरणार होतं. मास्तरांना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचायच्या आत मान मशीनवर टेकली. बाईंनी किल्ली खिळ्याला अडकवली, त्यांच्या हाताखालचा अर्धा गणवेश हळूच काढून घेतला, आणि पातेल्यात पाणी भरायला गेल्या. आंघोळीला आता तेच होतं.