मस्कतचा घोडा, पुण्याचा खुंटा

पागेत चार माणसं बसली की लिदीचा आणि किश्श्यांचा ढीग सारख्याच वेगानं वाढतो. लीद निदान रोज उचलली तरी जाते! किस्से साचत राहतात, आणि त्यातले निम्मे माझ्यावरचे. मी मस्कतहून घोडे घेऊन पुण्यात आलो आणि श्रीमंतांच्या पागेत चाकरीला राहिलो. हसायला परदेशी माणूस सगळ्यांना आयताच मिळाला!

*

माझ्याकडचा सगळ्यात उमदा घोडा मी पागेचे कारभारी बापू यांच्यापुढे उभा केला. त्याच्या सात पिढ्यांची नावं घडाघडा म्हणून दाखवली. बापूंनी ना दात पाहिले, ना चाल. खाली बसून पुढच्या पायावरचा केसांचा भोवरा तेवढा न्याहाळला आणि उठले.

"भोवरा वर तोंड करून आहे. खुंटाउपाड! ज्याच्या दारात बांधाल त्याचं बिऱ्हाड उठतं."

आमच्याकडे असल्या घोड्यासाठी माणसं भांडतात, इथे फुकट कुणी घेईना!

"मग मी याचं काय करू?"

"तुम्हीच ठेवा. तुमचं बिऱ्हाड उठलेलंच आहे."

*

एकदा भर चैत्रात बापूंच्या घरी गेलो. त्यांनी विचारलं, "गूळपाणी घेता?" आमच्याकडे पाहुण्यानं दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, अशी रीत. मी म्हणालो, "नको."

"बरं," बापू म्हणाले. विषय संपला!

घशाला कोरड पडली, नजर माठावरून हलेना. शेवटी निघताना लाज सोडून मी त्यांना रीत समजावून सांगितली.

"अहो, म्हणजे आपण दोनदा खोटं बोलणार होतात? बरं झालं, मी एकदाच विचारलं!"

पाणी मिळालं. गूळही मिळाला.

*

माझी बायको मरियम वर्षभरानं आली, ती अट घालूनच. "हमीद, पुढच्या हंगामात घोड्यांची जहाजं बंदराला लागली की मी परत जाणार. तुला यायचं तर ये." माझा जीव टांगणीला लागला. मला पुणं आवडलं होतं, पण तिच्यावाचून कसलं पुणं!

तिला समुद्राची आठवण यायची, म्हणून एका उन्हाळी संध्याकाळी मुठेवर नेलं. बरोबर घोड्यांची निगा राखणाऱ्या शेजारच्या मोतद्दाराची बायको सखूबाई होती. मरियमनं नदी पाहिली आणि आमच्या भाषेत म्हणाली, "एवढं पाणी आमच्या अंगणात सांडायचं."

मी वेड्यासारखा सखूबाईला अर्थ सांगून बसलो.

"म्हनावं, आखाड येऊ दे. मग हीच नदी तुझ्या अंगनात येती का न्हाई बघ!"

*

तरी मरियमला भाकरी शिकवली ती सखूबाईनंच. पहिल्या भाकरीचे तव्यावरच चार तुकडे झाले. सखूबाई म्हणाली, "घोड्याला घाल. त्याला न्हाई म्हनता येत न्हाई."

पुढे एकदा घरी आलो तर आतून कडाक्याचं भांडण ऐकू येत होतं. पीठ किती मळायचं, यावरून दोघी हमरीतुमरीवर आलेल्या! मी सोडवायला धावलो, तशी मरियम गरकन वळली. "तुम्ही मध्ये बोलू नका!"

तेही अस्सल मराठीत! मला इतका आनंद झाला, की उंबऱ्यावर बसून मी ते भांडण शेवटपर्यंत ऐकलं.

*

दसऱ्याला पागेतल्या घोड्यांची पूजा असते. माझ्या घोड्याला वगळतील म्हणून मी त्याला कोपऱ्यात बांधून ठेवलं होतं. बापू ताट घेऊन थेट तिथेच आले. घोड्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मग वाकून त्या पायावरच्या भोवऱ्यावर मूठभर फासलं.

"बापू, हे काय?"

"झाकला. आता आम्हाला काही दिसत नाही."

*

दिवाळीनंतर जहाजं लागली. घोड्यांबरोबर मरियमचा थोरला भाऊ पुण्यात आला, तिला न्यायला. सकाळी दोघं बोलायला बसली तसा मी पागेत पळालो. तिचं उत्तर ऐकायची माझी छाती नव्हती.

घोड्याला खरारा करत होतो, तेवढ्यात दोघं पागेच्या दाराशी दिसली. वाघोलीचा नवा पहारेकरी त्यांच्या आडवा आला.

"कुनाकडं आलाय?"

"आमच्या घरच्यांकडे," मरियम म्हणाली.

"नाव काय त्यांचं?"

मरियमनं मान खाली घातली.

"अवो, नाव सांगा की!"

"ते मस्कतचे घोडे बघतात ना, ते. उंच आहेत. दाढी आहे."

"हितं निम्म्यांना दाढी हाय, बाई."

भाऊ वैतागला. आमच्या भाषेत ओरडला, "मरियम! नवऱ्याचं नाव विसरलीस?"

ती लाजून लाल झाली. माझा हात घोड्याच्या पाठीवर तसाच राहिला.

"नाव सांगितल्याबिगर आत सोडता येत न्हाई," पहारेकरी म्हणाला.

मरियमनं डोक्यावरून पदर नीट घेतला.

"मग त्यांनाच बोलवा बाहेर. मी कुठे जात नाही!"